कुसाबाईचं शेवटचं कडवं

१९८५ साली नाशकात ज्याला त्याला कॅसेट काढायची होती. रिक्षात टेप, पानटपरीवर टेप, लग्नाच्या मांडवात टेप. ज्याच्या घरी टेप नव्हता तोही शेजाऱ्याच्या ओट्यावर ठाण मांडून ऐकायचा. चार माणसांत बरं गाता-वाजवता येणाऱ्या प्रत्येकाला वाटू लागलं होतं की आपला आवाज त्या चपट्या डबीत गेला नाही, तर जन्म फुकट गेला. नाशिक रोडच्या वसाहतीतली वादळ बेंजो पार्टी याला अपवाद असण्याचं काही कारण नव्हतं.

पार्टी म्हणजे तीन माणसं आणि भरपूर आवाज. मल्हारी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता, तो बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली लाकडी पेटी. मल्हारीनं तिला तारांचा आवाज कर्ण्यापर्यंत नेणारा पिकअप स्वतःच्या हातानं बसवला होता, आणि ती कर्ण्यातून अशी किंचाळायची की म्हाताऱ्या बाया पदराचे बोळे कानात घालायच्या. भिकन जकात नाक्यावर कारकून, तो ड्रम बडवायचा. वाळू प्राथमिक शाळेत मास्तर, तो गायचा. तिघांना वेग एकच ठाऊक होता, सुसाट. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची गाडी आली की पोरं शर्ट काढून नाचायची. आज वाटतं, तो गोंगाट आपण सहन कसा केला. आणि लगेच वाटतं, एकदा पुन्हा ऐकायला मिळाला तर काय बहार येईल.

गाणी मात्र तिघांपैकी कोणाचीच नव्हती. ती मल्हारीच्या आत्याची, कुसाबाईची. मल्हारीची आई तो सहावीत असताना वारली, तेव्हापासून या विधवा आत्यानंच त्याला वाढवलं. ती घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पान, आणि तोंडात गाणं. बाबासाहेबांची, शाळेची, विहिरीची, कधी नुसतीच वसाहतीतल्या नळाच्या भांडणाची. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे सगळं डोक्यात. आणि आपल्याकडच्या गाण्याची जुनी रीत आहे ती तिनं काटेकोर पाळली होती: शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव. शाळेच्या गाण्यांतलं एक पाटीचं होतं, त्याचा शेवट असा होता,

बोटं माझी काळी, तुझी पाटी काळी,
सांगे कुसा, लेकी, लिही ओळीवर ओळी.

रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव जगात आणखी कुठंच नव्हतं. रेशनकार्डावरही ते चुकीचं लिहिलेलं होतं.

कॅसेटचं ठरलं तेव्हा मल्हारीनं सगळ्यात आधी आत्याला विचारलं, कार्डावर तुझं नाव कसं छापायचं. कार्ड म्हणजे कॅसेटच्या डबीतला तो रंगीत कागद. त्यासाठी तिघांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जाऊन काळे गॉगल लावून फोटो काढला होता, आणि फोटो एवढा मोठा छापायचा होता की खाली जेमतेम तीन नावं मावत होती. कुसाबाईनं तो कागद निरखला. म्हणाली, कागदावर कशाला, कागद फाटतो, आणि मला तो वाचता बी येत नाय. गाण्यात हाय ना माझं नाव, दहाच्या दहा गाण्यांत, तेवढं बास. मल्हारीलाही ते पटलं. गॉगल लहान करावे लागले नाहीत, हाही एक फायदा झालाच.

मग ती वसाहतभर सांगत सुटली. नळावर, दळणाच्या चक्कीवर, विड्या पोचवायला जाई तिथं. आता माझं नाव कर्ण्यावर येणार, म्हणायची. एरवी ही बाई स्वतःबद्दल चकार शब्द काढायची नाही.

रेकॉर्डिंग झालं रविवार कारंजाजवळ, गोरक्षच्या माडीवर. गोरक्ष रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं भिंतींना घोंगड्या ठोकून, खिडकीला गादी लावून त्या खोलीचा स्टुडिओ केला होता. पंखा लावला की आवाज येतो म्हणून पंखा बंद. सप्टेंबरातली ती दुपार, तिघं बनियनवर, आणि भिकनच्या घामानं ड्रमचं कातडं ओलं. खालून टांगा गेला की गोरक्ष हात वर करायचा आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा पाटीचं गाणं वाजवलं, चारही वेळा मागच्यापेक्षा जलद झालं.

तीन वाजता गोरक्षनं घड्याळ लावून हिशेब केला. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं, यांची पाच गाणी होतात तेहतीस. दोन्ही बाजूंचं तेच. एकतर दोन गाणी गाळा, नाहीतर प्रत्येकात काहीतरी कापा. सहा वाजता त्याला खोली दुसऱ्या पार्टीला द्यायची होती. ते भजनवाले आधीच येऊन जिन्यात टाळांच्या पिशव्या घेऊन बसले होते.

वाळूनं विचारलं, कापायचं तर कुठलं कडवं?

“शेवटचं काप,” मल्हारी म्हणाला. “शेवटचं कुणी ऐकत नाही.”

हे तो उर्मटपणानं बोलला नाही. मिरवणुकीत वाढलेल्या माणसाचा हा अनुभव होता. मिरवणुकीत गाणं शेवटापर्यंत कधी जातच नाही. चौक आला की लोक ओरडतात, दुसरं लाव. गाडी पुढं सरकते आणि बेंजो पुढच्या गाण्यावर उडी मारतो. सात वर्षांत या तिघांनी कुसाबाईचं एकही गाणं रस्त्यावर पुरं केलं नव्हतं. शेवटचं कडवं मल्हारीनं फक्त घरात ऐकलं होतं, सुपाशेजारी अभ्यास करताना, आणि त्या घोंगड्यांच्या खोलीत घर काही त्याच्या डोक्यात आलं नाही. दहाही गाणी शेपटाशी कापली गेली. साडेपाचला तिघं खाली उतरून उसाचा रस प्यायले आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बसले.

बाबासाहेबांनी येवल्यात केलेल्या धर्मांतराच्या घोषणेला त्या ऑक्टोबरात पन्नास वर्षं होत होती. गावोगावचे लोक येवल्याला येणार, म्हणून कॅसेट तिथंच पहिल्यांदा लोकांपुढं आणायची असं ठरलं. मेटाडोरवर कर्णा बांधला, बाजूला कापडी फलक लावला, मागच्या फळीवर कॅसेटी रचल्या. कुसाबाई वसाहतीतल्या सात-आठ बायकांना घेऊन एसटीनं आली. पांढरंशुभ्र लुगडं नेसून ती मेटाडोरसमोर अगदी पुढं बसली. तिनं अजून कॅसेट ऐकली नव्हती. घरी टेप नव्हता, आणि मल्हारी म्हणाला होता, येवल्यातच ऐक, कर्ण्यावर.

पाटीचं गाणं लागलं. माणसं थांबली, पोरं नाचायला लागली. कुसाबाईचे ओठ शेवटच्या कडव्यासाठी हलायला लागले, आणि बेंजोनं दुसऱ्याच गाण्यात उडी मारली. तिला वाटलं, टेप अडकला असेल. दुसरं गाणंही तसंच संपलं. तिसरंही. चौथ्याला शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसून विचारलं, कुसा, तुझं नाव कधी येतंय गं? कुसाबाई म्हणाली, येईल. पाचवं गाणं संपलं, बाजू संपली. मल्हारीनं कॅसेट उलटवली आणि पुढची पाच गाणी झाली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या आणि कुसाबाई आपल्या हातांकडं.

मग ती उठून मेटाडोरपाशी आली.

“मल्हारी, माझं नाव कुठं हाय?”

तेव्हा कुठं मल्हारीच्या डोक्यात उजेड पडला. तो काही खोटं बोलला नाही. तीस मिनिटं, तेहतीस मिनिटं, भजनवाले, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता आपण काय म्हणालो होतो तेही सांगून बसला, की शेवटचं कुणी ऐकत नाही.

“मी ऐकत होते की,” कुसाबाई म्हणाली.

ती वळली आणि एकटीच स्टँडकडं चालू लागली. मल्हारी तिच्यामागं धावला नाही.

त्यानं टेप पुन्हा पहिल्यापासून लावला. पाटीचं गाणं संपताच बटण दाबून थांबवला, माइक हातात घेतला आणि शेवटचं कडवं स्वतः म्हटलं. मल्हारीचा हात सोन्याचा होता, पण गळा म्हणजे बिजागरीला तेल नसलेलं दार. लोक हसले. त्यानं पुढचं गाणं लावलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा म्हटलं. वाळू म्हणाला, अरे मी म्हणतो, माझा गळा कशासाठी आहे? मल्हारी म्हणाला, कापलं मी, म्हणणार मी. भिकन तर संतापलाच. नाचात आलेली पोरं मध्येच थांबवतोस, कोण घेणार कॅसेट? पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, चारचौघांत भांडणार कसा.

पुढचे सहा महिने दर रविवारी हेच. मनमाडचा बाजार, लासलगाव, सिन्नर, त्र्यंबकेश्वर. टेप लावायचा, थांबवायचा, बेसूर गायचं. तरी कॅसेट खपली. एप्रिलच्या जयंतीपर्यंत एकही उरली नाही, आणि मग तिच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या. मल्हारी मूळ टेप मागायला गोरक्षकडं गेला, कडवी जोडून नवी काढू म्हणून. गोरक्ष टेप वाया घालवणारा माणूस नव्हता. त्यानं त्याच टेपवर भजनं भरली होती. आता गाणी जिल्हाभर वाजत होती आणि ती कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं.

घरात कुसाबाई त्याला वेळेवर जेवायला वाढायची, डबा द्यायची, सर्दी झाली तर काढा करायची. रागाचा एक शब्द नाही. फक्त गाणं बंद झालं. सूप मांडीवर, हात चालू, तोंड मिटलेलं. नवं गाणं तर तिनं रचलं नाहीच, जुनंही ओठांवर आणलं नाही. ज्या घरात मल्हारी तिच्या गाण्यावर लहानाचा मोठा झाला, त्या घरात त्याला आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला कितीदा वाटलं. पार्टीही टिकली नाही. वाळूची बदली सुरगाण्याला झाली, भिकनचं लग्न झालं, आणि मल्हारीनं बेंजो कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

१९८८च्या उन्हाळ्यात कारखान्याच्या कामानं तो मालेगावला गेला होता. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून स्टँडजवळच्या टपरीवर चहा घ्यायला बसला. टपरी एका मध्यमवयीन बाईची होती. तिच्या टेपवर पाटीचं गाणं लागलं, नकलेच्या नकलेतलं, बेंजो पार घोगरा झालेला. मल्हारीनं मान खाली घातली. गाणं कापल्या जागी संपलं, पुढचं सुरू झालं. आणि चहा गाळता गाळता ती बाई त्या पुढच्या गाण्याला न जुमानता म्हणाली,

सांगे कुसा, लेकी, लिही ओळीवर ओळी.

मल्हारीनं कप खाली ठेवला. त्यानं विचारलं, हे तर टेपमध्ये नाही, तुम्ही कुठून शिकलात?

“टेपवाल्यांनी खाल्लंय ते,” बाई म्हणाली. “माझं माहेर मनमाडचं. तिथं बाजारात गाडीवर एक येडा गडी यायचा. लय बेसूर. पर दर खेपेला तेच म्हणायचा, मग झालं पाठ.”

“ही कुसा कोण?”

“काय ठावं. आपल्यातलीच असंल कोणी,” ती म्हणाली. “गाणं तिचं हाय, एवढं खरं.”

आपणच तो गडी, हे मल्हारीनं सांगितलं नाही. सांगायला गेला असता तर रडू फुटलं असतं.

दिवे लागायच्या सुमारास तो घरी पोचला. कुसाबाई दारात सूप घेऊन बसली होती. तो चपला न काढताच तिच्यासमोर बसला आणि मालेगावची ती बाई, तिची टपरी, तिचं बोलणं, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. तीन वर्षांत तो तिच्याशी इतकं सलग बोलला नव्हता. ती विडीला दोरा गुंडाळत ऐकत राहिली. मग हात थांबले.

“कसं म्हणली ती?” तिनं विचारलं.

मल्हारीनं ते कडवं म्हणून दाखवलं, त्याच्या त्या दाराच्या आवाजात.

“माझं नाव घेतलं?”

“घेतलं, आत्या.”

“परत म्हण.”

त्यानं परत म्हटलं. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा सांगितलं, परत म्हण. या खेपेला तो नावापाशी आला तेव्हा चाल खाली घसरली आणि तो अडखळला. मग कुसाबाईनंच ती ओळ पुरी केली, हळू, तीन वर्षं न गायलेल्या गळ्यानं, आणि त्याला म्हणाली की चाल इथं वर जाते, बाबा, खाली नाय, ऐक नीट.