रात्रीचा रकाना

जानेवारीत पेकोसच्या माळावर पहाटे असं हिव पडतं, की दाराची कडी हाताला चिकटते. ऊन यायला अजून तास होता. ओदेलिया सौरवीज केंद्राच्या आवारात गाडीतून उतरली, तेव्हा रात्रपाळीचा म्हातारा पहारेकरी एलिहियो ट्रान्सफॉर्मरच्या हिरव्या पेटीला पाठ टेकून निवांत बसला होता.

"या, इंजिनीअर बाई. तुमच्या कृपेनं पाठ शेकतोय."

"काका, रात्रभर ऊन नाही. पेटी गरम कशी?"

"मला काय विचारता? या पेट्या निवडल्या तुम्ही. आम्ही तर जेवणसुद्धा हिच्याच मागं ठेवतो."

त्यानं चंदेरी कागदात गुंडाळलेला बरिटो, सारण भरलेली पोळीची गुंडाळी, तिच्या हातात दिला. चांगला चटका बसला.

ओदेलियानं दुसरा हात पेटीवर ठेवून पाहिला. तीन वर्षांपूर्वी पेट्या निवडताना तक्ता तिनंच केला होता: महागडी किती वीज खाते, स्वस्त किती. रात्रीच्या रकान्यात तिनं शून्य घातलं. ऊन नाही तर नुकसान कसलं? पण पेटी रात्रीही ग्रिडला जोडलेली असते. आतलं लोखंड ग्रिडचीच वीज पीत तापत राहतं, आणि स्वस्त पेटी जास्त पिते. अशा अठ्ठेचाळीस पेट्या. रात्री इतकी वीज जाते कुठं, हेच शोधायला ती आली होती. शेजारच्या नव्या केंद्रासाठीही त्याच तक्त्यावरून त्याच पेट्या मागवायच्या होत्या. व्हर्नन साहेबांची सही तेवढी बाकी होती.

फोन खिशात होता. खाऊन घेऊ, मग करू, असं तिनं ठरवलं. चूक कबूल करायची तर पोटात काहीतरी हवं.

"तोंड का पडलं? तिखट कमी आहे? थांबा, बायकोनं अंड्याचाही दिलाय."

एलिहियोनं पेटीमागच्या फटीत हात घातला, रोजच्यासारखा, न बघता.

उबेला आणखी एक जण आला होता. त्याच्या शेपटीचा खुळखुळा वाजलासुद्धा नाही.

दवाखाना दीड तासावर. ओदेलियानं गाडी हाणली. शेजारी एलिहियोचा हात कोपरापर्यंत काळानिळा होऊन टम्म फुगला होता.

"काका, बोलत राहा."

"काय बोलू? साप तुमच्यापेक्षा हुशार. गरम पेटी त्यानं आधी ओळखली." तो हसला, मग दात वाजायला लागले. "पोरी, हीटर वाढव गं."

हीटर पूर्ण चालू होता.

तिनं व्हर्नन साहेबांना फोन लावला. "पेटीमागं एलिहियो काकांना साप चावलाय. रात्रीचा रकाना चुकलाय. माझ्याकडून. मागणी थांबवा."

"सही काल संध्याकाळीच झाली," ते म्हणाले. "आणि चांगल्या पेट्यांना दोन वर्षं लागतात, या स्वस्तातल्या तीन महिन्यांत येतात. म्हाताऱ्याचं कळलं. यंत्रामागं जेवण ठेवायला मनाई आहे, तेवढं अहवालात घाला."

"उबेचंही घालीन."

"ते नंतर बघू."

ती भांडत राहिली, बराच वेळ. एलिहियोचं बोलणं कधी थांबलं, ते तिला फोन ठेवल्यावर कळलं.