सातवा चॅनल

नोराल्बा हसली की तिचं हेल्मेट जरासं डावीकडे कलतं, हे रुबिएलला लग्नाला एकतीस वर्षं होऊन गेल्यावर कळलं. आधी कळणार तरी कसं? इतकी वर्षं ती त्याच्याच गाडीवर मागे बसायची. मानिसालेस शहरातल्या शाळेतली नोकरी संपवून ती घरी बसली आणि दुसऱ्याच महिन्यात स्वतःची लाल गाडी घेऊन दारात उभी राहिली. मग मोटारसायकल क्लबच्या रविवारच्या फेरीत तीही वेगळी, तोही वेगळा. त्या रविवारी तो पहिल्यांदाच तिच्या मागे होता आणि वाटेत तिचं हेल्मेट चार वेळा कललं. रुबिएलने मोजलं होतं.

तिच्या पुढे अनसीसार होता. गुरांचा डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी बायको गेलेला, पांढरी दाढी नीट कातरलेली. त्याच्या हेल्मेटच्या बाजूला इंटरकॉमची, गाडी चालवता चालवता एकमेकांशी बोलायची, काळी डबी होती. तशीच एक आता नोराल्बाच्याही हेल्मेटवर होती.

घरी आल्यावर रुबिएलने विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"अनसीसारने दिलं. ग्लाडिसचं होतं. नुसतंच कपाटात पडलं होतं म्हणाला." नोराल्बा तव्यावर अरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, उलटत होती. "चीज घालू का तुझ्यात?"

"मेलेल्या बाईचं कानात घालून फिरतेस?"

"हेल्मेटच्या आत चिकटवलंय, कानात नाही. चीज घालू की नको, एवढंच सांग."

रुबिएलने चीज नको म्हटलं आणि मग कोरडी अरेपा चावत बसला. ग्लाडिस त्या डबीतून नवऱ्याशी काय बोलत असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. आणि आता त्याच जागी त्याची बायको. अनसीसारला नुसती डबीच द्यायची होती, की ती रिकामी जागाही?

मंगळवारी तो येसेनियाच्या दुकानात गेला. येसेनिया मोटारसायकलचं सामान विकायची आणि सगळा क्लब तिच्याकडेच यायचा. वडीलधाऱ्या गिऱ्हाइकांना ती आदराने 'डॉन' म्हणायची.

"दोन प्रकार आहेत, डॉन रुबिएल," तिने काउंटरवर दोन खोकी ठेवली. "हा जोडीचा. दोन हेल्मेट, दोन माणसं, बस. आवाज स्वच्छ. पण मध्ये लांब ट्रेलर आला किंवा डोंगर आडवा आला की तुटतो. हा दुसरा जाळ्याचा. क्लबमधले बहुतेक सगळे हाच वापरतात. कितीही माणसं येऊ देत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या डबीतून तिसऱ्याकडे जातो. कोणी मागे पडला तर जवळ आल्यावर आपोआप जोडला जातो."

"पहिल्यात तिसरा माणूस घुसू शकत नाही ना?"

"घुसू शकत नाही, पण तिसऱ्याला घेऊही शकत नाही."

"मग पहिलाच दे."

येसेनियाने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "फेरीला जाणाऱ्याला मी हा सुचवणार नाही. घरून बाजारात आणि बाजारातून घरी, त्याला ठीक."

"सुचव म्हटलंय का मी? दे म्हटलंय."

तिने स्पीकर त्याच्या डाव्या कानाशी धरून विचारलं, "आवाज पुरेसा आहे?" रुबिएल हो म्हणाला. त्याला त्या कानाने काहीही ऐकू आलं नव्हतं. तीस वर्षं त्याने लेत्रासच्या घाटात जीप हाकली होती, बटाट्याची पोती, दुधाचे कॅन आणि टपावर बसलेली माणसं वाहून. त्या इंजिनाने आणि खिडकीतल्या वाऱ्याने डावा कान कधीच खाल्ला होता. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

नोराल्बाने खोकं उघडलं, दोन्ही डब्या पाहिल्या आणि परत आत ठेवल्या.

"यात क्लब ऐकू येईल का?"

"क्लबचं काय ऐकायचंय? मी आहे ना."

"रुबिएल, रस्त्यावर दगड पडलाय, ट्रक उलटलाय, हे पुढचे मागच्यांना सांगतात. ते मला ऐकायला हवं. तू आणलंस, छान केलंस. पण मी हे लावणार नाही."

"अनसीसारचंच लावणार."

तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. एकतीस वर्षं वर्गात मुलांना गप्प करणारी नजर होती ती. "हो," ती म्हणाली. "अनसीसारचंच."

दुसऱ्या दिवशी तो परत दुकानात. येसेनियाने खोकं मागे घेतलं आणि जाळ्याचं पुढे ठेवलं.

"यात समजा," रुबिएलने घसा साफ केला, "नुसतं ऐकायचंय, बोलायचं नाही. तर?"

"माइक बंद करायचं बटण आहे. आणि हे चाक फिरवलं की चॅनल बदलतो. क्लबचा पहिला. एकूण नऊ आहेत, ज्याला पाहिजे तो पाहिजे त्यावर जातो."

"आणि मी ऐकतोय हे दुसऱ्याला कळतं?"

येसेनिया बिल लिहायची थांबली. "कळत नाही," ती म्हणाली. "पण डॉन रुबिएल, बायकोचं बोलणं ऐकायला लोक एवढं महागडं यंत्र घेत नाहीत. समोर बसतात."

घरी त्याने सांगितलं की हे गाणी ऐकायला आणि रस्ता दाखवायला घेतलंय. "तुला? लेत्रासचा रस्ता दाखवायला?" नोराल्बा हसली.

रविवारी क्लब लेत्रासवरून मारिकिताला उतरणार होता. वर थंडी, खाली उकाडा, मध्ये वळणंच वळणं. सगळ्यात पुढे क्लबचे चार जण, मग रुबिएल, मग नोराल्बा, शेवटी अनसीसार. रुबिएल मुद्दाम पुढे राहिला, म्हणजे त्याचा हात हेल्मेटकडे गेलेला तिला दिसणार नाही. उजव्या स्पीकरमध्ये पहिला चॅनल बडबडत होता. कोणीतरी सकाळच्या चोरिसो सॉसेजची तारीफ करत होतं, कोणी पेट्रोल पंप विचारत होतं. नोराल्बाचा आवाज नाही. अनसीसारचाही नाही. आरशात मात्र तिचं हेल्मेट दिसत होतं, आणि ते कललं.

रुबिएलचा हात हेल्मेटकडे गेला. त्याने चाक फिरवलं. दुसरा रिकामा. तिसऱ्यावर कोणी अनोळखी भांडत होतं. चौथा, पाचवा, सहावा रिकामे. सातव्यावर अनसीसारचा आवाज आला, अगदी कानाशी, उशीवर डोकं ठेवून बोलावं तसा.

"हात सैल सोड, नोरा. मी आहे मागे."

नोरा! चारचौघांत हा माणूस तिला 'बाई' म्हणायचा, 'तुम्ही' म्हणायचा. आणि इथे नोरा. इथे 'तू'.

"श्वास घे. असं. त्याला सांगितलंस का?"

"नाही," नोराल्बा म्हणाली.

"किती दिवस लपवणार?"

"त्याला कळलं तर सगळं संपलं, अनसीसार. मी ओळखते त्याला."

रुबिएलने ब्रेक मारायचाच बाकी ठेवला होता. गाडी आडवी घालावी, दोघांना इथेच थांबवावं, क्लबसमोर विचारावं. पण कान त्या स्पीकरला चिकटला होता. त्याला पुढचंही ऐकायचं होतं.

"गाडी विकायला लावेल," ती म्हणाली. "एकदा पडले तर म्हणेल, बघ, मी सांगत होतो. परत मागे बसवेल. आणि पडले कुठे, तर त्याच्याच लाडक्या घाटात!"

"पुढचं वळण उजवं. जिथे भीती वाटते तिथे बघू नकोस. जिथे जायचंय तिथे बघ. माझी गाय अडली की मी तिला हेच सांगतो."

"गाईला?" आणि ती हसली.

रुबिएल ऐकत राहिला, आणि दोघांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी त्याला कळत गेलं. दोन महिन्यांपूर्वी याच घाटात ती पडली होती. तो तेव्हा पुढे निघून गेला होता आणि मागे अनसीसारने तिला उचललं होतं. गाडीवरचा ओरखडा फाटकाचा आहे, असं तिने घरी सांगितलं होतं आणि रुबिएलने फाटकाला शिव्या घातल्या होत्या. तेव्हापासून वळण आलं की तिचे हात थरथरत. तेव्हापासून हा माणूस तिला वळणामागून वळण पार करवत होता.

म्हणजे तसं काही नव्हतं. रुबिएलला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट मत्सर आणखी खोल उतरला. दुसऱ्या पुरुषाबरोबर बायको हसते, याच्यावर भांडता तरी येतं. पण ती घाबरली होती, आणि घाबरल्यावर ती नवऱ्याकडे आली नव्हती. त्याच्याच रस्त्यावर, ज्याचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता, तिने दुसऱ्याचा आवाज निवडला होता.

लेत्रासचा माथा ओलांडला आणि धुकं आलं. दहा पावलांपुढचं दिसेना.

"नोरा," अनसीसारचा आवाज खरखरला, "माझं मागचं चाक बसतंय. पंक्चर असणार. तू थांबू नकोस, इथे कडेला जागा नाही, मागून ट्रेलर येतोय. पुढे..."

आवाज तुटला.

"अनसीसार? ऐकू येतंय का? अनसीसार!"

मग नुसता तिचा श्वास. आखूड, वरच्यावर. आणि तिच्या मागे ट्रेलरचा भोंगा, जो रुबिएलला स्पीकरमधूनही आला आणि धुक्यातूनही.

त्याने माइकचं बटण दाबलं.

"नोराल्बा. मी आहे."

"रुबिएल? तू... तू इथे कसा?"

"शिव्या नंतर दे. दुसऱ्यावर घे! दुसरा गिअर! आणि ब्रेक सोड, ब्रेक धरून काय बसलीस..."

"ओरडू नकोस!" ती ओरडली. "असा ओरडतोस म्हणूनच तुला सांगितलं नाही!"

त्याने आवाज खाली आणला. मग त्याने वेग कमी केला, मागचा दिवा लुकलुकता केला आणि समोर जे होतं ते सांगायला लागला. जीपमध्ये टपावरच्या माणसांना सांगायचा, तसं.

"आता डावं वळण येईल. लांब आहे, घाई नाही. आतल्या बाजूला पाणी वाहतंय, मधून चल. हं. आता दीडशे पावलं सरळ. माझा दिवा दिसतोय?"

"दिसतोय."

"आता उजवं. हे आखडतं आहे, शेवटी आवळतं. हळू ये, मी थांबतो तुझ्यासाठी."

ती काहीतरी म्हणाली, ते ट्रेलरच्या भोंग्यात बुडालं.

"परत सांग," रुबिएल म्हणाला. "डाव्या स्पीकरचं मला ऐकू येत नाही."

"स्पीकर खराब आहे?"

"कान खराब आहे." त्याने वळण घेतलं. "बरीच वर्षं झाली."

"म्हणजे मी मागे बसून तुझ्या डाव्या कानाशी बोलायचे, आणि तू मान हलवायचास..."

"मान हलवायचो."

"एकतीस वर्षं मी तुझ्या पाठीशी बोलत होते, रुबिएल."

"आता चढ, मग पूल," तो म्हणाला.

पादुआ गावात क्लब चहाच्या टपरीसारख्या त्या नेहमीच्या हॉटेलात थांबला होता. नोराल्बाने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"किती वेळ ऐकत होतास?"

"लेत्रासच्या आधीपासून."

"आणि मागच्या रविवारी?"

"तेव्हा हे नव्हतं माझ्याकडे. तेव्हा नुसता जळत होतो."

तिने त्याच्या अंगावर हातमोजा फेकला. तो त्याच्या छातीला लागून खाली पडला. सगळा क्लब आपापल्या आग्वापानेलाच्या, गुळाच्या गरम पाण्याच्या, कपात बघत राहिला. रुबिएलने हातमोजा उचलला, झटकला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"चोरासारखं," ती म्हणाली. "माझ्याच कानात बसून."

"हो," तो म्हणाला. "चोरासारखं."

अर्ध्या तासाने अनसीसार आला, एका दूधवाल्याच्या पिकअपमध्ये गाडी टाकून. नोराल्बाने त्याला सगळं सांगितलं, रुबिएलसमोर. अनसीसारने टोपी काढून डोकं खाजवलं. "डॉन रुबिएल, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण तिने शपथ घातली होती." मग म्हणाला, "खरं सांगायचं तर, कोणाशी तरी त्या डबीतून बोलायला मिळतंय, याचंही बरं वाटत होतं. ग्लाडिस गेल्यापासून घाटात फार शांत असतं."

रुबिएलला त्याचा राग आला, कीव आली, आणि तो इतका सरळ बोलला म्हणून पुन्हा राग आला. त्याने अनसीसारसाठी चीजसकट आग्वापानेला मागवलं. त्याहून जास्त त्याला जमलं नाही.

नोराल्बाने ग्लाडिसची डबी तिथेच हेल्मेटवरून सोडवून अनसीसारला परत दिली. बुधवारी ती एकटी येसेनियाकडे गेली आणि स्वतःसाठी जाळ्याचा इंटरकॉम निवडून आली. रुबिएलने बरोबर येऊ का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तू कानाच्या डॉक्टरकडे जा. वेळ घेतलीय मी, साडेदहाची."

पुढच्या रविवारी निघण्याआधी तिने नियम सांगितला. "सरळ रस्त्यावर मी पहिल्यावर, सगळ्यांबरोबर. घाट आला की सातव्यावर, अनसीसारबरोबर. त्याची शिकवणी अजून संपलेली नाही. तू यायचं नाहीस."

"आणि मी काय करू?"

"पुढे चाल. तुझा दिवा मला बघायचा असतो."

घाट आला तेव्हा स्पीकरमध्ये एक बारीक टिक झाली आणि ती पहिल्या चॅनलवरून निघून गेली. रुबिएलचं बोट चाकावर जाऊन थांबलं. आरशात तिचं हेल्मेट पुढच्या वळणाकडे वळलं, मग डावीकडे कललं. कशावर हसली असेल? तो जळत राहिला. बोट काढून त्याने हात हँडलवर ठेवला, वेग थोडा कमी केला आणि तिला दिसेल इतक्या अंतरावर गाडी ठेवून उतरू लागला.