निर्दोष मान

आमच्या असांते मुलखात सदोष देहाला राजासन मिळत नाही, आणि शस्त्र लागलेल्या देहालाही नाही. हे दोन नियम पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या वाटेला गेले नव्हते. त्यांची गाठ पडली क्वाकु द्वोमो या शाळामास्तरांच्या मानेवर. राजमातेने रिकाम्या आसनासाठी त्यांचे नाव सुचवले आणि ज्येष्ठांच्या परिषदेला त्या मानेवर सात चामखिळी आढळल्या.

डॉक्टर अकुआ बिरागोंना बोलावणे गेले.

"निरुपद्रवी आहेत," त्या म्हणाल्या. "वय होतं, वजन वाढतं, कातडीवर कातडी घासते, त्यातून येतात. कात्रीनं मिनिटाचं काम."

"कात्री?" परिषदेचे प्रवक्ते बोआतिन कडाडले. "पोरी, राजा बसवायचाय, बकरा सोलायचा नाही!"

"मग दोरा बांधते, नाना. आपोआप गळतील. पण मास्तर, इतक्या एकदम आल्यात, तर रक्तातली साखर बघू. तहान फार लागते?"

"बादली पुरत नाही."

"बोट द्या, टोचते."

"टोचणं म्हणजे जखम," प्रवक्त्यांनी निर्णय दिला.

दोरा हे शस्त्र आहे काय, यावर दोन दिवस शास्त्रार्थ झाला. अखेर तो अलंकार ठरला. पंधरवड्यात सातही चामखिळी गळल्या. दरम्यान भावी राजाला मान म्हणून रोज गोड सरबते पाजली जात होती. बिरागोंनी लघवी तपासली, कारण तिला सुई लागत नाही.

"साखर भरपूर आहे."

"बघा!" प्रवक्ते गहिवरले. "यांचं पाणीसुद्धा गोड!"

"नाना, या गोडीनं डोळे जातात, पाय कापावे लागतात. औषध ठरवायला रक्त हवंच."

परिषदेने विचार केला. साखर दिसत नाही. जे दिसत नाही ते वैगुण्य नव्हे. सुईची जखम मात्र दिसते. सबब तपासणी वर्ज्य, आसनग्रहण सोमवारी.

मास्तरांनी आपल्या पावलांकडे पाहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

"बाई, कुठलं बोट?"

"अरे वेड्या, आसन जाईल!"

"पाय राहतील, नाना."

रक्ताचा थेंब दिसताच परिषद उठली. त्याच दुपारी ती मास्तरांच्या मावसभावाची मान भिंगातून न्याहाळत होती. मान निर्दोष निघाली. बाकीच्या देहाची चौकशी करण्याची आमच्याकडे प्रथा नाही.