मुद्दाम हुकवलेले ठोसे

दादाच्या बॉक्सिंगच्या फेरलढतीत कोण जिंकणार, हे गावभर ज्याला त्याला ठाऊक होतं. न्हावी सांगायचा, बँकेतला शिपाई सांगायचा. जन्मात कुणाच्या थोबाडीत मारली नसेल अशी माणसं, "पाचव्या फेरीत आडवा करणार बघा," असं छातीठोकपणे सांगायची. मला मात्र कुणी विचारायचं नाही. विचारण्यासारखा खरं तर मी एकटाच होतो, कारण सहा आठवडे दादाचा प्रतिस्पर्धी मीच होतो.

म्हणजे असं, की हेवीवेटच्या तयारीला प्रतिस्पर्ध्यासारखा लढून दाखवणारा एक माणूस लागतो. माझी उंची आणि वजन दादाला पहिल्या लढतीत हरवणाऱ्या माणसाएवढंच. पहिल्या लढतीचा व्हिडिओ बघून बघून मी त्याचा उजवा ठोसा उचलला, तो वरून वळसा घालून येणारा. दादाला दमला की डावीकडे झुकायची खोड. झुकला की तो ठोसा बरोबर कानशिलावर. पहिल्या वेळी नवव्या फेरीत असाच पडला आणि पुढे महिनाभर त्याची जीभ अडखळत होती. डॉक्टरांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असा मार बसला तर वाचा परत येईलच असं नाही. दादाने तेही ऐकलं होतं. पण हरलेला माणूस म्हणून घरात बसणं त्याला सोसवत नव्हतं.

पाच आठवडे मी तो ठोसा पाहिजे तेव्हा मारला. डोक्याला गार्ड होतं, ग्लोव्हज जाड होते, तरी दर वेळी दादा मान झटकून हसायचा आणि जीभ अडखळत नाही ना ते बघायला मी त्याला काहीतरी विचारायचो. शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी, म्हणजे त्याच्या कोचने, मला बाजूला घेतलं. म्हणाले, त्याचा धीर खचलाय, आता तो झुकला की तुझा उजवा हुकव. मी म्हटलं, खोड मोडायची सोडून तिलाच खतपाणी घालायचं? मास्तर म्हणाले, आठ दिवसांत खोड मोडत नाही, धीर मात्र येतो. तीस वर्षं ते बॉक्सर तयार करत आलेत. आणि मीही अक्कल गहाण ठेवल्यासारखा हुकवत राहिलो.

दादा काय खूश! जेवता जेवता उठून वहिनीला दाखवायचा, मी असा झुकतो, तो असा हवेत मारतो. हरभऱ्याच्या झाडावर आम्हीच चढवला होता त्याला. वहिनीने माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊजी, खरंच जमलंय का हो?"

मी मान डोलावली.

लढतीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मला राहवलं नाही. मास्तर दादाच्या ग्लोव्हजवर पट्टी चिकटवून बाहेर गेले होते.

"दादा, आठवडाभर मी मुद्दाम हुकवत होतो. डावीकडे झुकू नकोस."

त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

"आता हे घेऊन मी काय करू रे?" तो म्हणाला. तेवढ्यात दार उघडलं आणि त्याला बोलावणं आलं.

बादली उचलून मी मागोमाग गेलो. पहिली फेरी तो ताठ राहिला, इतका ताठ की स्वतः एक ठोसा धड मारला नाही. मी सांगितलेलं त्याच्या डोक्यात होतं, पण अंगात आठवडाभराचा सराव होता. दुसऱ्या फेरीत त्या ताठरपणानेच तो दमला आणि झुकला. पडला. पंचाने आठ म्हणेपर्यंत कसाबसा उठला. मी मास्तरांना म्हटलं, टॉवेल टाका, हार मानून लढत थांबवा. ते म्हणाले, थांब, सावरेल. दादा पुन्हा त्याच बाजूला झुकला.

दोन महिन्यांनी त्याला हॉस्पिटलातून घरी आणलं. तो दिवसभर काहीतरी बोलत असतो, माझ्याकडे बघून जास्तच बोलतो. मला एक अक्षर कळत नाही. वहिनीला सगळं कळतं. मी विचारलं, तर ती सांगत नाही.