उलट्या गाठींचा टोप

हसू नका, मित्रांनो. मी एक जुना टोप आहे, तुम्ही ज्याला विग म्हणता तो, आणि मला पाहून आजवर लोकांचं पुष्कळ हसून झालं आहे. आज मी रागावलेलो आहे. बोलताना आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझे केस खरे आहेत. टेकडीपलीकडच्या वस्तीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे. तिच्या सगळ्या लोकांचे असतात तसेच, काळे, दाट आणि बारीक कुरळे. तिची आई पाण्याचा हात लावून बोटांनीच ते विंचरायची, मग ते मानेवर मऊ, गोल होऊन पडायचे. आजारपणात ते कापावे लागले आणि कागदाच्या पुडक्यातून टोपवाल्याकडे आले.

टोपवाला हाताचा पक्का. जाळीवर एकेक केस आकडीने ओढून गाठ मारायचा. केसावर माशासारखे खवले असतात, मित्रांनो, डोळ्यांना न दिसणारे, मुळाकडून टोकाकडे वळलेले. म्हणून सगळी मुळं एकाच बाजूला ठेवावी लागतात. तो तसंच करत होता. तेवढ्यात सिनेमा कंपनीचा निरोप आला. विनोदी पात्रासाठी हवाय, इतका नीटनेटका काय कामाचा, पब्लिक बघताक्षणी हसलं पाहिजे. मग त्याने अर्धे केस मुद्दाम उलटे बांधले. खवल्यात खवले अडकले. मी पिंजारलो, गुंतलो, आणि कितीही विंचरलं तरी तसाच राहिलो.

माझ्या पात्राचं नाव झिपरी. नऊ सिनेमांत मोलकरीण, नऊही सिनेमांत बावळट. एक जाडजूड नट गालांना काळपट रंग फासून मला डोक्यावर चढवायचा. तो टेकडीच्या अलीकडचा. माझ्यातून कधी चमचा निघायचा, एकदा तर कोंबडीचं पिल्लू निघालं. लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. अगदी खरीखुरी वाटते, म्हणायचे. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्या कौतुकाने फुगायचो.

दहाव्या सिनेमाच्या वेळी कुरकुर झाली, की पलीकडच्या माणसाचं काम पलीकडच्यांना का देत नाही. म्हणून एक तरुण नटी आणली. तिला सहा वर्षांची मुलगी होती. नटीचे केस थेट त्या शिवणकामवाल्या बाईसारखे. तालमीत सिनेमातल्या मालकिणीने मोलकरणीला विचारलं, "वाचता येतं का गं तुला?" आमच्या नटीने लिहून दिलेलं वाक्य सोडून दिलं आणि शांतपणे म्हणाली, "येतं ना बाईसाहेब. म्हणून तर तुमची पत्रं आधी मी वाचते." लाईटवाले इतके हसले, की शिडीवरचा एकजण खाली उतरून बसला. त्या दिवशी मला कळलं, माझ्याशिवायही हसू येतं.

दिग्दर्शक मात्र कॅमेऱ्यातून बघत राहिला. "छान आहे," म्हणाला, "पण खरी वाटत नाही. पब्लिकला कळणार कसं ही पलीकडची आहे? टोप चढवा."

मेकअपदादांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिने माझ्यात बोट घातलं. मुळाकडून टोकाकडे फिरवलं, मग टोकाकडून मुळाकडे. दोन्हीकडे अडकलं. रोज लेकीची वेणी घालणारं बोट होतं ते.

"दादा, हे केस उलटे बांधलेत."

दादांचा चेहरा उतरला. वीस वर्षं ते मला हाताळत होते. "आम्हाला वाटलं, तुमचे असेच असतात."

ती दिग्दर्शकाकडे वळली. "सर, माझी मुलगी वर्गात टोपी घालून बसते. पोरं तिला झिपरी म्हणतात. हे चढवून मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"अगं, विनोद आहे तो. एवढं मनाला काय लावून घेतेस? मागे रांग लागलीय कामासाठी."

तिने मला खुर्चीवर ठेवलं, गालाचा रंग पुसला आणि निघून गेली. तिचं पहिलंच मोठं काम होतं ते. जेवणाच्या सुट्टीनंतर तो जाडजूड नट हजर. पत्राचं वाक्यही कापलं, कारण झिपरीला वाचता कसं येईल? मला हात असते तर त्या सगळ्यांच्या झिंज्या उपटल्या असत्या.

सिनेमाचं काम संपल्यावर मेकअपदादांनी सामानाच्या वहीत 'फाटला, टाकून दिला' असं लिहिलं आणि मला पिशवीत घालून त्या नटीच्या घरी आणलं. आता शाळा सुटल्यावर मायलेकी सुईने माझी एकेक गाठ सोडवतात, केस फिरवून पुन्हा बांधतात. इकडे मूळ, तिकडे टोक, असं ती चिमुरडी पुटपुटत असते. अजून टोपी घालूनच बसते हं ती. माझी एक बाजू मऊ झाली आहे, दुसरी अजून अडकते.

मित्रांनो, खूप हसा. हसण्यावर माझा राग नाही. पण पडद्यावर कुणाची टर उडवलेली दिसली, तर ती गाठ कुणी मारली ते विचारा. आणि तुमच्या वर्गात टोपी घालून बसणारी कुणी असेल, तर तिच्या बाकाशी जा. झिपरी मी होतो, तेही मला कुणीतरी केलेलं. त्या मुलीला तिचं नाव विचारा.