बारदान्यासकट हेलियम

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. आर्वीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भिंतीला टांगलेला. जुना म्हटल्यावर लगेच हळहळू नका. मला दया नको आहे. मला राग आला आहे, तो तेवढा ऐकून घ्या.

सुताराने मला घडवलं, काळा रंग चढवला, तेव्हा खडू माझ्यावर कसा झरझर चालायचा! कौशल्याबाई भौतिकशास्त्र शिकवायच्या. गणित झालं की मागे वळून विचारायच्या, "समजलं का? नाई समजलं तर सांगा, अजून एकदा करू." त्या निवृत्त झाल्या आणि माझ्या रंगाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता खडू दाबल्याशिवाय उमटत नाही, आणि दाबून लिहिलेलं धड पुसलं जात नाही.

हल्ली धनंजय सर आहेत. अक्षर मोत्यासारखं, पण मीपणा पोतंभर! परवा त्यांनी हेलियमच्या केंद्रकाची बंधनऊर्जा काढायला घेतली. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे मोजले तर जेवढं वस्तुमान भरतं, तेवढं ते एकत्र बांधल्यावर भरत नाही. जी तूट येते ती ऊर्जा होऊन गेलेली असते, आणि तेवढी ऊर्जा परत घातल्याशिवाय केंद्रक सुटत नाही. सरांनी तूट काढली, तिची ऊर्जा करायला ९३१.५ ने गुणली, २७.३ असं उत्तर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "पाठ करून टाका. बोर्डाले हेच येते."

गुंजन उठली. तिचे वडील बंडूजी बाजार समितीत धान्य तोलणारे मापारी आहेत.

"सर, तुमी घेतलेलं पुस्तकाच्या तक्त्यातलं हेलियमचं वजन अख्ख्या अणूचं हाये. त्याच्यात दोन इलेक्ट्रॉन आले. अन् इकडं आपण नुसते प्रोटॉन घेतले. एका पारड्यात बारदान्यासकट सोयाबीन, दुसऱ्यात बिनपोत्याचं. मंग तूट बरोबर कशी येईन?"

पोरं हसली. ती मात्र पुढे आली. नुसत्या प्रोटॉनऐवजी तिने हायड्रोजनचे अख्खे अणू घेतले, म्हणजे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखे झाले. खडू दाबून तिने उत्तर लिहिलं, २८.३. बरोबर होतं हो! कौशल्याबाईंनी माझ्यावर कितीदा केलं होतं ते.

"हे मार्केट नाई, फिजिक्सचा क्लास आहे," सर कडाडले. "पूस ते."

"कुठं चुकलं थे दाखवा सर, मंग पुसाले लावा."

सरांनी डस्टर उचलला आणि स्वतःच पुसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. सगळ्या वर्गाने निमूटपणे २७.३ उतरवून घेतलं. सुटल्यावर गुंजन डोळे पुसत मैत्रिणीला, आकांक्षाला म्हणाली, "आता नाई विचारत मी कधी काही." हे ऐकून मला भिंतीवरून खाली पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर लवकर आले. एकटेच. गुंजनची पुसट ओळ अजून माझ्यावर होती. त्यांनी ती वाचली, ओठांतल्या ओठांत गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा पडला. कळलं होतं त्यांना! मग या गृहस्थांनी काय करावं? ओलं फडकं आणलं आणि मला खसाखसा घासून काढलं. लाज वाटली नाही?

पण जुना फळा ओला असेपर्यंतच काळाभोर दिसतो, हे ते विसरले. वर्ग भरला, हजेरी सुरू झाली आणि मी वाळू लागलो.

"सर," आकांक्षा ओरडली, "गुंजनचं गणित परत आलं!"

सर माझ्याकडे वळले. या वेळी कोणी हसलं नाही.  मग वर्गाकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "कालचं उत्तर खोडा. अठ्ठावीस पूर्णांक तीन लिहा. चूक माझी होती."

पण तिचं नाव नाही घेतलं! म्हणून माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, मला रंग द्या, नाहीतर अडगळीत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण कोणाचं लिहिलेलं पुसण्याआधी एकदा वाचत जा.

सरांनी पुढचं गणित लिहायला खडू उचलला. मागच्या बाकावरून आवाज आला.

"सर, अजून एक विचारू?"

गुंजन उभी होती.