गेटवरचं उनाड अक्षर

बेलवलीच्या त्या सोसायटीत उद्या पाणी येणार नाही, हेसुद्धा सुरुचीच्या अक्षरात कळायचं. जाड मार्करने फळ्यावर काढलेली तिची अक्षरं अशी बागडायची, की वाचणारा पाण्याचं दुःख विसरून हसत जिना चढायचा. त्याच अक्षरांचा तिने आता फॉन्ट केला होता. एकेक वेलांटी, एकेक जोडाक्षर हाताने काढून कॉम्प्युटरात बसवलं आणि नाव ठेवलं ‘उनाड’. आता कुणालाही तिच्या अक्षरात टाइप करता येणार, या आनंदात बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

रविवारी सकाळी ते खाडकन टेकले. गेटवर बॅनर झळकत होता, ‘विनीत, तू मला फार आवडतोस!’ खाली नाव नव्हतं. नाव हवंय कुणाला? अख्ख्या सोसायटीला ते अक्षर पाठ होतं.

विनीत समोरच्या विंगमधला, अंबरनाथच्या कारखान्यात इंजिनीअर. तो सुरुचीला आवडायचा हे अगदी खरं, पण ते तिने फक्त धाकट्या बहिणीला, सईला सांगितलं होतं. सईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून! आता भोगा.

“मीच छापून आणला उल्हासनगरहून,” सई गॅलरीतून खाली बघत म्हणाली. “तू कधी बोलणार होतीस? तो रिटायर झाल्यावर?”

खाली सेक्रेटरी मालिनीकाकूंच्या भोवती गर्दी जमली होती. सुरुचीचे बाबा, दिनानाथराव, गेटच्या कुलपाकडे फार निरखून बघत होते. सुरुची लॅपटॉप घेऊन धावतच खाली गेली.

“काकू, हा फॉन्ट आहे! कुणीही टाइप करू शकतं. तुम्ही करून बघा ना!”

काकूंनी एका बोटाने टाइप केलं, ‘मला बटाटेवडा आवडतो.’ अक्षरं अगदी तशीच, बागडणारी.

“अगंबाई! म्हणजे हे बॅनरवरचं तुझं नाहीच?”

सुटली! आता नुसतं ‘नाही’ म्हटलं की झालं. तेवढ्यात तिला विनीत दिसला. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट बसवून तो खाली आला होता, आणि काकूंचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा एवढासा झाला होता. सुरुचीला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला.

“टाइप सईने केलंय, काकू,” ती म्हणाली. “पण म्हणणं माझंच आहे.”

विनीत पुढे आला, काकूंच्या वाक्यातला बटाटेवडा त्याने खोडला, शेवटचा शब्दही बदलला. स्क्रीनवर उड्या मारत उमटलं, ‘मला सुरुची आवडते.’

सुरुचीला हसू आवरेना. दिनानाथराव कुलूप सोडून वळले.

“काय लिहिलंय? माझा चष्मा वर राहिलाय. मोठ्याने वाचा जरा.”

मालिनीकाकूंनी ते स्टेशनपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं.